एका पायात बूट

मोटार शिकवताना मास्तरांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. शिकाऊ माणूस गाडी फुटपाथवर चढवायच्या बेतात असला, तरी ते आपल्या पायाशी असलेला जादा ब्रेक हळूच दाबत आणि म्हणत, "झाली फुटपाथशी ओळख? चला, आता रस्त्याशी करून घेऊ." त्यामुळे गावातली सगळी भित्री माणसं त्यांच्याच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये येत. स्कूल म्हणजे तरी काय, एक खोली, एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि दारात उभी असलेली पांढरी गाडी.

पन्नाशीला टेकल्यावर त्यांनी लग्न केलं. बायको हॉटेलच्या रिसेप्शनवर होती. दिवसभर परक्या माणसांकडे पाहून हसायचं, हे तिचं काम. ती गाडी शिकायला आली होती. "गाडी शिकायला आली आणि मास्तरच घेऊन गेली," असं मित्र म्हणत, आणि मास्तर दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसत.

तिला पहिल्या लग्नाची एक मुलगी होती. बाप फार पूर्वीच वेगळा होऊन दूर राहायला गेला होता आणि वाढदिवसाला फोन करण्यापुरता उरला होता. मुलगी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून आईने तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. मास्तर सामानाच्या दोन बॅगा घेऊन त्यांच्या घरी राहायला आले, तेव्हा तिने दारातच त्यांची मुलाखत घेतली.

"तुम्ही घोरता का?"

"थोडं."

"आईपण घोरते. मग जमेल तुमचं. आणि मी तुम्हाला काय म्हणू? काका म्हटलं तर लांबचं वाटतं, बाबा म्हटलं तर खोटं वाटतं."

"सगळे मास्तर म्हणतात."

"मग मी काय वेगळी आहे? मास्तर."

इतक्यावर प्रश्न मिटला. मास्तरांनी मात्र स्वतःशी एक खूणगाठ बांधली. मुलगी तिच्या आईची. तिच्या बाबतीत आपण न विचारता तोंड उघडायचं नाही. आपण बरं नि आपलं काम बरं.

पहिलं वर्ष मजेत गेलं. सकाळी मास्तरांची पहिली शिकाऊ म्हणजे पोस्टमास्तरीणबाई. बाई निवृत्त झाल्यावर गाडी शिकायला लागल्या होत्या आणि शिकतच होत्या. त्यांचं घर शाळेच्या वाटेवर. त्यामुळे भिंगरी दप्तर घेऊन मागच्या सीटवर बसायची आणि शाळेचं फाटक येईपर्यंत तिचं धावतं वर्णन चालायचं. "बाई, तो खांब तुमच्या आधीपासून तिथे उभा आहे, तो हलणार नाही." बाईही काही कमी नव्हत्या. "तू गप्प बसलीस तर मलाच हलवता येईल गाडी," म्हणायच्या. संध्याकाळी टेबल टेनिस, सोबत एक जिवाभावाची मैत्रीण, रात्री जेवताना मायलेकींनी दिवसभरात भेटलेल्या माणसांची केलेली नक्कल. घर भरलेलं असायचं.

मग हळूहळू सगळं बदललं. कधी बदललं, ते कुणालाच नेमकं सांगता आलं नसतं. आधी मागच्या सीटवरचं वर्णन थांबलं. मग तिचं डोकं दुखायला लागलं, मग पोट. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं. शाळेतून आली की ती झोपायची, आणि उठली की झोप न झाल्यासारखी दिसायची. टेबल टेनिसची बॅट दाराच्या मागे लटकत राहिली. काही विचारलं तर अंगावर यायची. "जेवतेस का?" याचंही उत्तर दार आपटून मिळायचं. गणितात ती कधी नव्हे ते नापास झाली आणि त्याचं तिला काही वाटलंही नाही.

"वयच तसं आहे," आई म्हणाली. ती रोज थकून घरी यायची. सोळा वर्षांची असताना आपणही अशाच तिरसट होतो, हे तिला पक्कं आठवत होतं. तिचा भाऊ, म्हणजे मुलीचा मामा, एका रविवारी आला आणि त्याने मास्तरांच्या देखतच निकाल देऊन टाकला. "अगं, दुसरं लग्न पोरींना पचायला वेळ लागतो. वरवर हसतात, आत धुमसत असतात. हे व्हायचंच होतं."

मास्तरांनी मान खाली घातली. हे बोलणं त्यांच्या मनात आधीच घर करून बसलं होतं, मामांनी त्याला फक्त कडी लावली.

तेव्हापासून मास्तर त्या घरात चोरपावलांनी वावरायला लागले. ती जेवून उठेपर्यंत ते बाहेर रेंगाळत. दाढी करताना गुणगुणायची सवय त्यांनी सोडली. टीव्हीसमोरची खुर्ची खिडकीपाशी नेऊन ठेवली, म्हणजे तिला मधली जागा मोकळी मिळेल. तिच्या खोलीवरून जाताना ते चपला हातात घेत. बायको एकदा म्हणाली, "काय हो, भाडेकरूसारखे काय वागताय?" त्यावर ते नुसते हसले. आपण जितके कमी दिसू तितकं त्या पोरीला बरं वाटेल, असा त्यांचा हिशेब होता. पण ते कमी दिसायला लागले तरी पोरगी काही बरी दिसेना.

एके सकाळी भिंगरीला शाळेपाशी सोडल्यावर पोस्टमास्तरीणबाईंनी गाडी चक्क नीट बाजूला घेतली आणि बंद केली.

"मास्तर, मुलगी आजारी आहे का?"

"नाही हो. जरा रागावलीय. माझ्यावर असेल. तसं घरात मी नवीनच ना."

"रागावलेलं माणूस मी ओळखते. आख्खा जन्म खिडकीच्या पलीकडे रागावलेली माणसं पाहण्यात गेला माझा." बाईंनी आरसा उगाचच नीट केला. "रागावलेल्या माणसाच्या डोळ्यांत धग असते. या पोरीच्या डोळ्यांत मला काहीच दिसत नाही. आज फाटकाशी उतरली ती. मैत्रिणीने हात केला, हिने पाहिलं, आणि दुसऱ्या बाजूने आत गेली. तुम्ही विचारलंत का तिला?"

"मी कोण विचारणारा?"

"शेजारी असलेला माणूस," बाई म्हणाल्या आणि गाडी चालू केली. ती दोन धक्के देऊन बंद पडली. "हे माझं नेहमीचंच. तुम्ही तिचं बघा आधी."

बाईंचं बोलणं मास्तरांच्या डोक्यात राहिलं. पण विचारायचं कसं, हा प्रश्न होताच. इतके दिवस तोंडाला कुलूप लावलेल्या माणसाला किल्ली कुठे ठेवली तेच आठवत नाही, तशी त्यांची गत झाली होती. त्या आठवड्यात त्यांनी दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन पाहिलं. एकदा आत दिवा नव्हता म्हणून परतले. एकदा दिवा होता म्हणून परतले.

पुढच्या आठवड्यात पोस्टमास्तरीणबाई परगावी गेल्या, त्यामुळे सकाळचा पहिला धडा रद्द झाला. भिंगरी म्हणाली, मी बसने जाईन. आई पहाटेच्या पाळीला गेलेली. मास्तर दुसऱ्या शिकाऊला घेऊन बाहेर पडले. दुपारी एका कागदासाठी ते घरी आले, कुलूप उघडायला गेले तर दार नुसतंच ओढलेलं होतं.

आत, चपलांच्या मांडणीजवळच्या स्टुलावर भिंगरी बसली होती. अंगात शाळेचा गणवेश, पाठीवर दप्तर, एका पायात बूट. दुसरा बूट हातात. पंखा बंद होता आणि तिच्या कपाळावर घाम होता.

"लवकर सुटली का शाळा?" मास्तरांनी विचारलं. आणि विचारता विचारताच त्यांच्या लक्षात आलं की ती गेलेलीच नाही. सकाळपासून इथेच आहे.

तिने मान वर केली. नेहमीसारखी अंगावर येईल, असं त्यांना वाटलं. आली असती तर बरं, असंही वाटलं. ती म्हणाली, "दुसरा घालायचा राहिलाय."

मास्तरांनी पंखा लावला. पाण्याचा पेला आणला. मग खुर्ची आणायला वळले, पण खुर्ची आणण्यात हा क्षण निसटेल अशी त्यांना धास्ती वाटली, म्हणून ते तसेच तिच्या शेजारी जमिनीवर बसले, भिंतीला पाठ लावून. दोघंही समोरच्या दाराकडे पाहत होते. गाडीत बसल्यासारखे.

"सकाळपासून बसलीयस?"

"हो."

"माझ्यामुळे का गं?"

"काय तुमच्यामुळे?"

"हे सगळं. मी इथे राहायला आलो, त्याचा त्रास होत असेल तर सांग. खरंच सांग. मी वाईट वाटून घेणार नाही."

भिंगरीने त्यांच्याकडे वळून पाहिलं. बऱ्याच दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ते साधं आश्चर्य होतं. "तुमचा काय संबंध, मास्तर?"

मास्तरांना क्षणभर चक्क अपमान झाल्यासारखं वाटलं. इतके महिने ज्या अपराधाचं ओझं वाहिलं, दाढी करताना गाणं सोडलं, चपला हातात घेऊन फिरले, त्यात आपला साधा संबंधही नाही? मग त्यांना स्वतःची लाज वाटली. पोरगी बुडत होती आणि आपण काठावर उभे राहून पाण्यात आपलंच प्रतिबिंब पाहत बसलो होतो.

"मग कशामुळे?" त्यांनी विचारलं.

"तेच तर कळत नाही. काही झालेलंच नाही. कुणी काही बोललं नाही, कुणी मारलं नाही. सगळं चांगलं आहे. आणि मला सकाळी उठल्यावर वाटतं, अरे देवा, अजून एक दिवस. सगळ्यांना वाटतं मी रागावलेय. मला राग नाही येत. मला काहीच येत नाही. कुणी बोलायला लागलं की नुसता त्रास होतो. म्हणून ओरडते. मग नंतर पडल्या पडल्या वाटतं, आपण किती वाईट आहोत. आई एवढी दमून येते, आणि मी अशी."

मास्तर ऐकत राहिले. मध्ये बोलण्यासारखं पुष्कळ सुचत होतं. तू वाईट नाहीस, असं काय बोलतेस, या वयात कसलं दुःख. पण नवशिक्याच्या हातातलं चाक ओढून घेतलं की तो जन्मभर घाबरून चालवतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी जीभ आवरली.

मग त्यांनी जे विचारायचं होतं ते विचारलं. आवाज त्यांनी नेहमीचाच ठेवला.

"जगूच नये असं वाटतं का कधी?"

ती हातातल्या बुटाची नाडी बोटाला गुंडाळत होती.

"मरायचं, असं नाही वाटत. पण सकाळी जागच आली नाही तर बरं होईल, असं वाटतं. रोज नाही. कधीकधी."

"काही करायचं डोक्यात आलंय का?"

"नाही." मग हळूच, "विचार आला की मला भीती वाटते."

"मलाही वाटली, आत्ता ऐकून," मास्तर म्हणाले. "पण तू सांगितलंस ते फार बरं केलंस. एकटीने कशाला सांभाळायचं एवढं?"

ती रडेल असं त्यांना वाटलं होतं. ती रडली नाही. तिने बूट खाली ठेवला आणि कपाळ गुडघ्यांवर टेकलं. तसंच बोलली, "आईला नका सांगू."

"ते नाही जमणार."

"मास्तर, प्लीज. ती घाबरेल. तिला वाटेल तिचंच काहीतरी चुकलं."

"वाटू दे. घाबरू दे. आई आहे ती, घाबरायचा हक्क आहे तिचा. हे मी तिच्यापासून लपवलं तर तुझी सोबत केल्यासारखं होणार नाही, तुला आणखी एकटं पाडल्यासारखं होईल. मी तुझ्या पाठीमागे काही करणार नाही. तुझ्यासमोर सांगतो. हवं तर तू सांग, मी नुसता बसतो."

"तुम्हाला सांगायलाच नको होतं," ती म्हणाली, आणि आता मात्र तिच्या डोळ्यांत धग होती.

"रागाव माझ्यावर. चालेल."

ते तिथून उठले नाहीत. बसूनच त्यांनी दुपारचे सगळे धडे रद्द केले, आणि मग बायकोला फोन लावला. "घरी ये. सगळे ठीक आहेत, पण ये," एवढंच बोलले.

ती हॉटेलच्या निळ्या कोटातच आली, छातीवर कंपनीचा बिल्ला तसाच. स्वयंपाकघरात तिघं बसली. भिंगरी दोन वाक्यं बोलली आणि थांबली. उरलेलं मास्तरांनी सांगितलं, जसंच्या तसं, न वाढवता.

आईने आधी लेकीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "डिप्रेशन वगैरे म्हणायचंय का तुम्हाला? अहो, दहावी-अकरावीचं वय आहे. माझी मुलगी आहे ती, मी ओळखते तिला."

"ओळखतेस म्हणूनच तुला बोलावलं."

"मग मला का नाही सांगितलं तिने? तुम्हाला कसं सांगितलं?" तिचा आवाज फाटला. "दोनच वर्षं झाली तुम्हाला येऊन. दोन!"

हे मास्तरांना लागलं. खोलवर लागलं. पण उत्तर द्यायची ही वेळ नव्हती, हे त्यांना कळत होतं. उत्तर भिंगरीनेच दिलं, टेबलाकडे बघत. "तू हसून येतेस ना कामावरून. दिवसभर हसून. मला वाटायचं, घरी तरी तुला कुणी हसायला लावू नये."

आई उठली. टेबलाला वळसा घालून गेली आणि लेकीचं डोकं तिने पोटाशी धरलं. कोटाचा बिल्ला मुलीच्या कानाला टोचत होता. मास्तरांनी पुढे होऊन तो काढला आणि चहाचं आधण ठेवायला ओट्याकडे वळले. मागे कोण कुणाला काय बोललं, ते त्यांनी ऐकलं नाही. नळ जरा जास्तच मोठा सोडला.

दुसऱ्या दिवशी ती तिघं नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली. या वेळी पोटदुखीचं न सांगता खरं ते सांगितलं. त्यांनी मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. या बाई वयाने लहान, केस बांधायला विसरल्यासारख्या, आणि बोलताना मुलीकडे बघून बोलणाऱ्या. त्या आधी भिंगरीशी एकटीशी बोलल्या, मग सगळ्यांना आत घेतलं.

"हा आजार आहे," त्या म्हणाल्या. "आळस नाही, नाटक नाही, आणि यात कुणाचा दोषही नाही. या वयात तो बऱ्याचदा रडण्यासारखा दिसतच नाही. चिडचिड दिसते, डोकंदुखी दिसते, झोप दिसते. म्हणून घरच्यांना उशिरा कळतं. तुम्हाला कळलंय. आता उपचार करू."

दर आठवड्याला एकदा बोलायला यायचं ठरलं. काही दिवसांनी गोळ्याही सुरू झाल्या. शाळेत आईने जाऊन वर्गशिक्षिकेला सांगितलं. घरातली औषधं कुलपात गेली. विचार फार गडद झाले तर कुणाला, कधी फोन करायचा, ते भिंगरीनेच डॉक्टरीणबाईंबरोबर बसून ठरवलं. आईने पहाटेची पाळी सोडली, आणि त्यासाठी तिला व्यवस्थापकाशी भांडावं लागलं. तिथे मात्र ती अजिबात हसली नाही, असं तिनेच अभिमानाने सांगितलं.

मामांना कळलं तसे ते आले. "पोरीला सकाळी पळायला लावा. मन रमवलं की झालं. आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं?"

मास्तर पहिल्यांदाच त्यांच्यापुढे बोलले. "तुमच्या वेळीही होतंच की, मामा. तेव्हा त्याला तुम्ही लोक 'एककल्ली आहे' म्हणायचात. तिचा पाय मोडला असता तर पळायला लावलं असतंत का?"

मामांनी चहाचा कप तोंडाला लावला आणि बराच वेळ तो खाली ठेवला नाही. पण जाताना ते भाचीच्या खोलीत डोकावले आणि म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही. पण कुठे सोडायचं-आणायचं असलं तर सांग." त्यांच्या मानाने ते पुष्कळ होतं.

आजार काही आला तसा गेला नाही. डॉक्टरकडे जायला लागल्यावर आता चढत्या भाजणीने सगळं सुधारत जाईल, असं मास्तरांना वाटलं होतं. तसं झालं नाही. एका आठवड्यात ती आईबरोबर बाजारात जाऊन आली, तर पुढच्या आठवड्यात तीन दिवस अंथरुणातून उठली नाही. कधी म्हणे, "काही उपयोग नाही, मी येणार नाही." मास्तर गाडी दारात उभी करून बसत. एकदा ती अर्धा तास आली नाही. आली तेव्हा केस विंचरलेले नव्हते आणि तोंडातून नको ते शब्द बाहेर पडत होते. तिने त्यांना काय काय ऐकवलं, ते त्यांनी घरी कधी सांगितलं नाही. "पट्टा लाव," एवढंच ते म्हणाले, आणि निघाले.

चुकलेही ते. तिला हसवायचं, असं त्यांनी मनावर घेतलं आणि रोज शिकाऊ लोकांचे किस्से सांगायला लागले. एका बँकवाल्याने गिअरऐवजी मास्तरांचा गुडघाच ओढला, असलं काहीतरी. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मास्तर, मला हसवू नका ना. हसू आलं नाही की मला वाटतं, मी तुमची मेहनत वाया घालवली."

"मग काय करू?"

"काही नाही. गाडी चालवा."

तेव्हापासून ते गाडी चालवत. ती आता पुढच्या सीटवर बसायची. कधी एक शब्दही न बोलता जाऊन येत. कधी येताना ती आपण होऊन सांगे, आज डॉक्टरीणबाईंनी हे विचारलं, मी ते म्हणाले. मास्तर "हं" म्हणत. त्या "हं"चे त्यांनी इतके प्रकार तयार केले होते, की त्याचीच वेगळी शिकवणी घेता आली असती.

आई बदलायला जास्त वेळ लागला. ती आधी दर तासाला विचारायची, "आता कसं वाटतंय?" भिंगरी वैतागायची. शेवटी दोघींनी डॉक्टरीणबाईंसमोरच ठरवलं, की दिवसातून एकदाच विचारायचं आणि भिंगरीने खरं उत्तर द्यायचं, मग ते "वाईट" असलं तरी. आई हळूहळू ते "वाईट" ऐकून घ्यायला शिकली. ऐकून लगेच काही करायला न धावता, नुसती शेजारी पाय पसरून बसायला शिकली. तशी बसल्या बसल्या कितीदा तरी आईलाच झोप लागायची आणि मुलगी तिच्या अंगावर पांघरूण टाकायची.

ती टेबल टेनिसवाली मैत्रीण एक दिवस आपण होऊन आली. तिला कुणी काय सांगितलं होतं देव जाणे. ती खोलीत शिरली, जमिनीवर बसली आणि स्वतःचा अभ्यास करून निघून गेली. दुसऱ्या दिवशी परत तसंच. चौथ्या-पाचव्या दिवशी आतून भिंगरीचा आवाज आला, "ए, ते उदाहरण चुकलंय तुझं."

त्या वर्षी तिने परीक्षा दिली नाही. वर्ष पुन्हा करायचं, असं तिने स्वतः ठरवलं. मामांना वाईट वाटलं, शेजाऱ्यांना कुतूहल वाटलं, पण घरात त्यावर फारशी चर्चा झाली नाही. पुढच्या वर्षी ती नव्या वर्गात बसली. मधल्या काळात पोस्टमास्तरीणबाई लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाल्या आणि तिसऱ्यांदा पास झाल्यावर त्यांनी पेढ्यांऐवजी सगळ्यांना गाडीत घालून फिरवून आणलं. भिंगरी त्या दिवशी घरी आल्यावर बराच वेळ बोलत होती. मास्तरांनी खिडकीपाशी नेलेली खुर्ची बायकोने केव्हाच परत मध्ये आणून ठेवली होती. ते त्यात बसून ऐकत होते.

गोळ्या हळूहळू कमी झाल्या, मग डॉक्टरीणबाईंनी त्या बंद केल्या. भेटीही महिन्यातून एकदा. भिंगरीने त्यांना विचारलं होतं, "हे परत येईल का?" बाईंनी खोटा धीर दिला नाही. "येऊ शकतं," म्हणाल्या. "आलं तर या वेळी तू त्याला आधी ओळखशील."

ते आलं. दोनेक वर्षांनी, भिंगरी कॉलेजात जायला लागल्यावर, थंडीच्या दिवसांत. मास्तर स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. आई नुकतीच येऊन हातपाय धूत होती. भिंगरी दारात येऊन उभी राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं, हे मास्तरांना तिच्या उभं राहण्यावरूनच कळलं. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"मास्तर, थोडं तसं वाटायला लागलंय. आठवडा झाला. सकाळी उठवत नाही, आणि काल मी मैत्रिणीचा फोन मुद्दाम घेतला नाही." ती सलग बोलत होती. "तेवढं वाईट नाहीये. पण तेवढं होईपर्यंत थांबायचं नाही, असं ठरवलंय मी."

"आईला..."

"तिलाच सांगायला चाललेय. म्हटलं, वाटेत तुम्हाला सांगून जावं."

आई न्हाणीघरातून टॉवेलने तोंड पुसत बाहेर आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती घाबरली नव्हती असं नाही. टॉवेल तिने घट्ट धरला होता. पण ती म्हणाली, "बरं. डॉक्टरीणबाईंना फोन तू लावतेस की मी लावू?"

"मीच लावते."

तिने तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. गुरुवारची वेळ मिळाली, दुपारची. आईने आपली सुट्टी त्याप्रमाणे ठरवली. मास्तरांनी उरलेली भाजी चिरून फोडणीला टाकली, आणि भिंगरीने फार न बोलता तीन ताटं मांडली. जेवण नेहमीचंच होतं. ती अर्धीच पोळी जेवली. कुणी तिला आणखी घे म्हटलं नाही. आणि कुणी तिच्या आधी उठलंही नाही.